बातमीचा खर्च कोण उचलतो, आणि व्यंगचित्राचे पैसे का मागावेत

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी देते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. गणपतीत कुडाळजवळच्या तुमच्या घरी भजन आटोपल्यावर खळ्यात राजकारणावरून वाद झाला. मुंबईहून आलेल्या चुलतभावाचे म्हणणे असे, की सगळी वर्तमानपत्रे आणि वाहिन्या विकल्या गेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी एक रुपयाही मोजणे चूक आहे. तुमचे म्हणणे असे, की मग गावातले खरे-खोटे कळायचे कोठून. वाद इतका वाढला की विसर्जनाच्या दिवशी तुम्ही दोघे एकमेकांशी बोलला नाहीत. तुम्ही स्वतः दीड वर्ष एका स्थानिक बातमीपत्राला आठवड्याला दोन राजकीय व्यंगचित्रे देत आहात. मोबदला मागितला तेव्हा 'तुझे नाव होते आहे ना' असे उत्तर मिळाले. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: वर्तमानपत्र कोणाचे आहे हे ओळखावे कसे, असा वाद घालावा कसा, आणि पैसे मागणे योग्य आहे का.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत मी 31 वर्षे काम केले. आधी तालुका वार्ताहर, नंतर उपसंपादक आणि शेवटी जिल्हा आवृत्तीची प्रमुख म्हणून. त्या अनुभवावरून माझे मत असे, की तुमचे तीन प्रश्न वेगळे नाहीत. बातमी मिळवण्यापासून छापण्यापर्यंतचा खर्च कोणीतरी उचलतच असतो. वाचकाने तो उचलला नाही तर दुसरा कोणी उचलतो, आणि तो दुसरा कोण, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा राजकीय वाद हवेत चालतो. तुमच्या चित्रांना पैसे मिळत नाहीत आणि तुमच्या भावाचा वर्तमानपत्रांवर विश्वास उरलेला नाही, या दोन्हींचे मूळ तेथेच आहे.

जिल्हा दैनिकाचा हिशेब बाहेरच्या माणसाला क्वचितच कळतो. पाच-सहा रुपयांना मिळणाऱ्या अंकात कागद, शाई, छपाई, घाट उतरून येणाऱ्या गाडीचे भाडे आणि विक्रेत्याचे कमिशन एवढेही सुटत नाही. पावसाळ्यात करूळ घाटात दरड कोसळली की कोल्हापूरकडून येणारी पार्सले फोंड्यामार्गे वळवावी लागत, आणि त्या दिवशी वैभववाडीचा वाचक अंकाशिवाय राही. तो जादा खर्चही छापील किमतीत कधी धरलेला नसे. तूट भरून निघते ती जाहिरातींतून. आपल्याकडे मोठे कारखाने आणि मोठी दुकाने थोडी असल्यामुळे जिल्हा पानाच्या जाहिराती मुख्यतः चार ठिकाणांहून येतात: शासनाच्या निविदा आणि जाहीर सूचना, जमीन व्यवहारांसाठी वकिलांनी दिलेल्या नोटिसा, शिक्षणसंस्था व पतसंस्था, आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या. यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या दोन गटांवर राजकीय माणसांची पकड असते. शिवाय अनेक ठिकाणी बातमी देणारा वार्ताहरच जाहिरात गोळा करतो आणि त्याची कमाई म्हणजे त्या जाहिरातीवरचे ठरावीक टक्के असतात. सकाळी ज्याच्या कामातील त्रुटी शोधायच्या, संध्याकाळी त्याच्याच दारात पुरवणीची जाहिरात मागायला उभे राहायचे, ही स्थिती मी स्वतः नऊ वर्षे अनुभवली आहे.

त्या काळात एका खाडीतील बेकायदा वाळू उपशावर मी तीन रात्री किनाऱ्यावर बसून होड्या मोजल्या आणि बातमी पाठवली. 'आज जागा नाही' असे मला तीन दिवस सांगण्यात आले. चौथ्या दिवशी पान उघडले तेव्हा त्या जागेत उपसा करणाऱ्याच माणसाने एका नेत्याला दिलेल्या शुभेच्छांची अर्धे पान जाहिरात होती. मालकाने संपादकाला फोन केला नव्हता आणि संपादकाने मला धमकावलेही नव्हते. जाहिरात विभागाने पान भरले आणि बातमी मागे राहिली, इतकेच घडले. तुमचा भाऊ ज्याला 'विकले जाणे' म्हणतो ते बहुतेक वेळा असे शांतपणे घडते, त्यात पाकीट देणारा-घेणारा कोणी दिसत नाही. म्हणूनच त्याचे म्हणणे पूर्ण खोटे नाही. मात्र त्यावर त्याने काढलेला उपाय, म्हणजे एक रुपयाही न देणे, ही पकड आणखी घट्ट करतो.

मालकीचा प्रश्न मराठी वृत्तपत्रांच्या जन्मापासूनचा आहे. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' सुरू केले आणि 1840 मध्ये ते बंद झाले. आपण दरवर्षी पत्रकार दिनी आरंभाची तारीख साजरी करतो, पण एवढ्या विद्वान संपादकाचे पत्र साडेआठ वर्षांतच थांबले, याचाही त्या दिवशी विचार व्हायला हवा असे मला वाटते. पुढे 1881 मध्ये 'केसरी' निघाला तेव्हा संपादक आगरकर होते. टिळक आणि आगरकर यांनी कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तेथील दिवाणांवर केलेल्या लिखाणाबद्दलच्या बदनामीच्या खटल्यात, 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढले. तरीही सामाजिक सुधारणेवरील मतभेदांमुळे आगरकरांनी 1887 मध्ये 'केसरी' सोडला आणि 1888 मध्ये 'सुधारक' काढला. एकत्र तुरुंगात गेलेल्या मित्रांतही, पत्राने कोणती भूमिका घ्यायची हे अखेर पत्र ज्यांच्या हाती त्यांच्याकडेच राहते, आणि ज्याला वेगळे बोलायचे आहे त्याला वेगळे पत्र काढण्याइतके बळ लागते, हे यावरून दिसते.

याच्या जोडीला 'सकाळ'ने सर्वोच्च न्यायालयात लढलेला खटला लक्षात ठेवा. वर्तमानपत्राची किंमत जेवढी, तेवढीच पाने छापता येतील, असा निर्बंध केंद्र सरकारने 1960 च्या आदेशाने घातला होता. मोठ्या भांडवलाच्या पत्रांनी स्वस्तात भरपूर पाने देऊन लहान पत्रांना गिळू नये, हा त्यामागचा सांगितलेला हेतू होता. 1961 मध्ये न्यायालयाने हा निर्बंध रद्द केला. पाने कमी करायला लावली किंवा किंमत वाढवायला लावली तर खप घटतो, आणि खपावर घाला म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला, असा त्या निकालाचा आशय आहे. मला तो निकाल योग्य वाटतो, पण लहान पत्रांची अडचण त्याने सुटली नाही, कारण ती सोडवणे न्यायालयाच्या हातात नव्हते. ती वाचकाच्या हातात होती आणि आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. नोंदणीकृत नियतकालिकाची मालकी गुप्त नसते. प्रत्येक अंकात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे देणारी ओळ असते. ती बारीक टंकात शेवटच्या पानाच्या तळाशी सापडेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वृत्तपत्र नोंदणीच्या 1956 च्या नियमांनुसार वर्षातून एकदा, फेब्रुवारी संपल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात, 'फॉर्म 4' या नावाने एक निवेदन छापले जात आले आहे. त्यात मालकांची नावे-पत्ते आणि एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून अधिक वाटा असलेल्या भागधारकांची व भागीदारांची नावे द्यावी लागत. मूळचा 1867 चा कायदा जाऊन 2023 चा नवा कायदा मार्च 2024 पासून लागू झाला आहे, पण शीर्षकाची नोंद कोणाच्या नावे आहे हे प्रेस महानिबंधकांकडे आजही पाहता येते. मालक कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे थोडे शुल्क भरून तिची वार्षिक विवरणपत्रे, संचालक आणि भागधारक पाहता येतात. केवळ ऑनलाइन चालणाऱ्या बातमीपत्रांना 2021 च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क प्रसिद्ध करावा लागतो. तुम्ही ज्यांना चित्रे देता त्यांच्याकडे असे नाव दिलेले आहे का, ते आजच पाहा.

मालक राजकीय माणूस आहे एवढ्यावरून पत्र टाकून देऊ नये, असे मी आवर्जून सांगेन. 'सामना' 1988 मध्ये शिवसेनेचे मुखपत्र म्हणूनच निघाला आणि कोकणात वाचला जाणारा 'प्रहार' 2008 मध्ये नारायण राणे यांनी सुरू केला, हे वाचकाला माहीत असते. तो त्या हिशेबानेच वाचतो. 'लोकमत' उभे करणारे जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते, हेही उघड आहे. उघड मालकीची बाजू वाचकाला वजा करता येते. अडचण येते ती मालकाचा मुख्य धंदा वेगळा असतो तेव्हा. 2014 मध्ये नेटवर्क 18 समूह रिलायन्सकडे गेला आणि 2022 च्या अखेरीस एनडीटीव्हीचे नियंत्रण अदानी समूहाकडे गेले. ज्या किनाऱ्यावर बंदरे, खाणी, औष्णिक आणि अणुऊर्जा प्रकल्प यांची चर्चा सतत चालू असते, तेथील वाचकाने हे लक्षात ठेवलेच पाहिजे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट 2014 मध्ये माध्यमांच्या मालकीवर सविस्तर शिफारशी केल्या आणि राजकीय पक्षांना प्रसारणाच्या धंद्यात येऊ देऊ नये असे म्हटले होते. तो अहवाल तुमच्या भावाने वाचावा. त्याच्या शंकेला त्यात भरपूर आधार मिळेल.

वाद कसा घालावा, याबद्दल मला जे सांगायचे आहे ते आपल्याच डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, आहे. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने प्रश्न टाकला की दुसऱ्याला त्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. उत्तर न देता तो नुसता वरच्या पट्टीत गजर करू लागला तर मागे बसलेली म्हातारी माणसेही ते ओळखतात. तुमच्या खळ्यातल्या वादात, तुम्ही लिहिले आहे त्यावरून, ज्याचा प्रश्न त्याचेच उत्तर मिळालेले दिसत नाही. भावाने मालकीचा प्रश्न विचारला आणि तुम्ही वार्ताहरांच्या कष्टांचे उत्तर दिले. दोन्ही मुद्दे खरे असूनही ते एकमेकांना भेटलेच नाहीत. 'सगळे विकले गेले आहेत' या वाक्यावर 'नाही' असे न म्हणता 'कोणती बातमी, कोणत्या तारखेची, कोणत्या पानावरची' असे विचारावे. एक बातमी समोर आली की ती तपासता येते: तिच्यात दुसरी बाजू आहे का, वार्ताहराचे नाव आहे का, तीच बातमी त्याच शब्दांत दुसऱ्या पत्रातही आली आहे का. 2009 च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा जो गदारोळ झाला त्यात हाच शेवटचा मुद्दा निर्णायक ठरला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पत्रांत एकच मजकूर शब्दशः सापडला. भारतीय प्रेस परिषदेने त्यावर 2010 मध्ये अहवाल दिला आणि पुढे निवडणूक काळात जिल्हा पातळीवर माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या समित्या काम करू लागल्या. संशयित मजकुराची तक्रार अशा समितीकडे साधा नागरिकही करू शकतो.

'सगळे विकले गेले' असे सरसकट म्हणण्याने अन्याय कोणावर होतो, हेही भावाला सांगा. 6 फेब्रुवारी 2023 रोजी राजापुरात शशिकांत वारिशे या पत्रकाराला गाडीने चिरडण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरीच्या वादावर ते सातत्याने लिहीत होते आणि त्या सोमवारी सकाळीच त्यांची एक बातमी प्रसिद्ध झाली होती. खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. एका बाजूला मोठ्या समूहांची मालकी आणि दुसऱ्या बाजूला दुचाकीवरून तालुका पालथा घालणारा एकटा वार्ताहर, या दोघांना एकाच शब्दाने हिणवले की दुसऱ्याच्या मागे उभे राहण्याची जबाबदारी आपण आपोआप झटकतो.

शिमग्याला तुमचा भाऊ गावी येईल तेव्हा मार्चच्या पहिल्या आठवड्यातील अंक त्याच्यासमोर ठेवा, किंवा वाचनालयातील जुन्या फायलींमधून त्या दिवसांचे अंक काढून 'फॉर्म 4' एकत्र वाचा. आधी मालकांची नावे पाहून मग वाद सुरू झाला तर तो वेगळ्या वाटेने जातो, असा माझा अनुभव आहे.

आता तुमच्या चित्रांकडे येते. यावर मी अधिक लिहिणार आहे, कारण येथे तुमचे प्रत्यक्ष नुकसान होत आहे. आपल्या समाजाला कलेचे पैसे देणे अवघड जाते, हे मला मान्य नाही. डबलबारीच्या बुवांची बिदागी आधी ठरते, दशावतारी मंडळाला जत्रेचे मानधन देताना देवस्थान कमिटी घासाघीस करील पण 'तुमचे नाव होते आहे' असे कोणी म्हणणार नाही. लिहिणाऱ्याला आणि चित्र काढणाऱ्यालाच हे ऐकवले जाते, कारण त्याचे काम घरी बसून, कोणाच्या डोळ्यांसमोर न होता, होते. मागे तुमची सहा तासांची बैठक आहे हे घेणाऱ्याला दिसत नाही, आणि तुम्हीही ते कधी सांगितलेले नसते.

1957 चा कॉपीराइट कायदा तुमच्या बाजूने पुष्कळ बोलतो. नोकरीत असलेल्या पत्रकाराने वृत्तपत्रासाठी केलेल्या कामाचा प्रकाशनापुरता पहिला हक्क मालकाचा असतो, परंतु तुम्ही नोकरीत नाही. मोबदला देऊन एखाद्याने चित्र किंवा छायाचित्र करून घेतले तर, वेगळा करार नसल्यास, ते करून घेणाऱ्याचे ठरू शकते. तुम्हाला मोबदलाच मिळालेला नसल्यामुळे हे कलम तुमच्याविरुद्ध वापरणे कठीण आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या लेखात कोणते काम, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदला हे असावे लागते. काळ लिहिलेला नसेल तर तो पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत, असे कायदा धरतो. तोंडी बोलण्याने किंवा व्हॉट्सअॅपवर चित्र पाठवण्याने हक्क हस्तांतरित होत नाही. आणि हक्क विकल्यानंतरही, हे चित्र माझे आहे असे सांगण्याचा आणि त्यात विकृत बदल झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार कलम 57 नुसार तुमच्याकडेच राहतो. तुम्ही लिहिले आहे की तुमच्या एका चित्रातील सही कापून ते एका पक्षाच्या प्रचारात वापरले गेले. ते या कलमाखाली येते.

येथे एक मर्यादाही सांगायला हवी. बातमीतील माहितीवर कोणाचीच मालकी नसते. पूल खचला ही माहिती तुम्ही आधी दिली म्हणून ती तुमची होत नाही. टीका, परीक्षण किंवा चालू घडामोडींच्या वृत्तांतासाठी दुसऱ्याच्या कामाचा वाजवी वापर कायद्याला मंजूर आहे. तुमची मांडणी, तुमची रेषा आणि तुमचे शब्द तेवढे तुमचे. भजनी बुवा आणि दशावतारी कलाकार यांच्यासाठी तर वेगळे, सादरीकरणाचे हक्क आहेत. त्यांच्या संमतीशिवाय ध्वनिचित्रमुद्रण करता येत नाही आणि हा हक्क 50 वर्षे टिकतो. कायद्यातील कलाकाराच्या व्याख्येत गायक, वादक, नटांबरोबर गारुड्याचाही उल्लेख आहे. तरीही आपल्याकडे रात्रभर चाललेल्या बारीचे चित्रण कोणीही करतो, त्यावर जाहिरातींचे पैसे मिळवतो आणि बुवांना त्याचा पत्ताही नसतो. गीतकार-संगीतकारांनी 2012 च्या दुरुस्तीने रॉयल्टीचा वाटा मिळवला, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत उभे राहिले. आपल्या बुवांसाठी तसे कोणी उभे राहिलेले मी पाहिलेले नाही, आणि या गोष्टीचे मला मनापासून दुःख आहे.

माझ्या हातून झालेली चूकही सांगते. आवृत्तीप्रमुख असताना सात वर्षे मी रविवारच्या पानासाठी स्थानिक लेखकांकडून फुकट लेख घेतले. पानाला अंदाजपत्रकच नव्हते आणि मी ते मागितलेही नाही. त्या पानावर सर्वांत चांगले लिहिणारी एक शिक्षिका तिसऱ्या वर्षी लिहायची थांबली. तिने तक्रार केली नाही. उरले ते दोन प्रकारचे लोक: ज्यांना पैशांची गरज नव्हती ते, आणि ज्यांना त्या पानावर आपल्या संस्थेची, पक्षाची किंवा साहेबांची प्रसिद्धी हवी होती ते. मोबदला न देणाऱ्या पानावर कालांतराने हितसंबंधांचेच लेखन उरते, हे मी तेव्हा शिकले. म्हणून पैसे मागण्यात तुम्हाला संकोच वाटण्याचे कारण नाही. तुमच्या चित्राला पैसे देणारे बातमीपत्र ज्याच्यावर चित्र काढले त्याच्या जाहिरातीवर तितके कमी अवलंबून राहते.

दर ठरवण्याची माझी पद्धत साधी आहे. आंब्याच्या कलमांच्या फवारणीला येणाऱ्या गड्याची तुमच्या गावातील दिवसाची मजुरी धरा, चित्राला लागणाऱ्या तासांच्या प्रमाणात ती मोजा आणि त्याखाली कधी उतरू नका. मग संपादकांना चार ओळींचे पत्र लिहा: यापुढील प्रत्येक चित्रासाठी अमुक रक्कम, हक्क फक्त एकदा प्रसिद्ध करण्याचा, सही न काढता छापण्याची अट, आणि महिनाअखेरीस पैसे. खरोखरच पैसे नसलेले प्रामाणिक छोटे पत्र असेल तर मी रक्कम कमी करते, पण शून्य करत नाही, आणि जमाखर्च पाहायला मागते. दाखवणारे संपादकही भेटतात, त्यांच्यासाठी काम करताना मला कधी खंत वाटली नाही.

त्यांनी नकार दिला, तर दीड वर्षातील सगळी चित्रे मूळ आकारात, तारखेनुसार आणि कोठे प्रसिद्ध झाली त्या नोंदीसह एकत्र लावा. लेखी हस्तांतरण झालेले नसल्याने ती तुमचीच आहेत. दिवाळी अंकांचे संपादक साधारण जून-जुलैपासून मजकूर जमवू लागतात. निवडक दहा चित्रे आणि तुमचा दर, दोन्ही एकाच पत्रातून त्यांना पाठवा.